संकेतलिपी आणि तिची किल्ली : संशोधकाच्या खाजगी फायलींचे संरक्षण

पनवेलनजीकचे पळस्पे हे गाव प्रवाशांना मुख्यतः तेथील फाट्यामुळे परिचित आहे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यापासून कोकणात व पुढे गोव्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ येथेच फुटतो. बोलींच्या अभ्यासकाला या परिसराचे महत्त्व निराळ्या कारणाने वाटते. आगरी आणि कातकरी या दोन बोली येथे काही कोसांच्या अंतरात ऐकावयास मिळतात. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या मराठीला वाहिलेल्या सातव्या खंडात (१९०५) या दोहोंचे नमुने आलेले आहेत. त्या नमुन्यांत पुष्कळसा भाग उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताच्या भाषान्तरांचा आहे. ही कथा सांगणाऱ्याचे नाव जगजाहीर झाले असते तरी त्याचे काही बिघडले नसते. आज क्षेत्रकार्याला निघालेला विद्यार्थी मात्र भाषान्तर मागत नाही. तो माणसाला बोलते करतो. बोलता बोलता माणूस सावकाराचे देणे, भावकीतला तंटा, जमिनीचा मोबदला, घरातील आजारपण यांविषयी बोलतो. सिडकोच्या स्थापनेपासून (१९७०) पनवेल तालुक्यात जमीन हा विषय किती नाजूक झाला आहे हे येथे निराळे सांगावयास नको. बोलीचा उत्तम नमुना आणि बोलणाऱ्याचे गुपित ही दोन्ही एकाच ध्वनिफितीत, किंवा आजच्या भाषेत एकाच फायलीत, साठविलेली असतात.

आता अशी कल्पना करावी की एका संशोधक विद्यार्थिनीने या भागातील वाड्यांवर महिनाभर हिंडून चाळीस तासांचे ध्वनिमुद्रण केले, आणि परतीच्या प्रवासात पळस्पे फाट्यावर गाडी बदलताना तिची लॅपटॉपची पिशवी एस. टी.तच राहिली. लॅपटॉपला पासवर्ड आहे, एवढ्यावर ती निश्चिंत राहील काय? पुष्कळांची समजूत अशी असते की पासवर्ड म्हणजे कुलूप. वस्तुतः यंत्र सुरू करताना विचारला जाणारा पासवर्ड हा दारावरच्या भालदारासारखा आहे. तो दारातून येणाऱ्याला अडवितो. भिंत फोडून येणाऱ्याशी त्याचा संबंध नाही. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली की भालदाराला न विचारता आतील फायली वाचता येतात, कारण त्या फायली उघड्या अक्षरांत लिहिलेल्या असतात. यावर उपाय एकच : फायलीतील अक्षरेच अशी बदलून टाकावयाची की भिंत फोडून आत आलेल्यालाही त्यांतून काही निष्पन्न होऊ नये. या क्रियेला एन्क्रिप्शन किंवा कूटलेखन असे म्हणतात. नव्या यंत्रांपैकी काहींत ही सोय आरंभापासून चालू असते, पुष्कळांत ती असूनही बंद असते, आणि ती चालू आहे की बंद हे पाहण्याचे कष्ट फारच थोडे लोक घेतात.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने ही बाब यंत्रविद्येच्या लोकांवर सोपवून मोकळे व्हावे, असे म्हणता येणार नाही. ज्या ज्ञानाच्या बळावर संकेतलिपी फोडल्या गेल्या ते ज्ञान मुख्यतः भाषेचेच होते.

गुप्त बोलण्याचा सर्वांत साधा प्रकार मराठी मुलांना लहानपणीच येतो. ‘च’ची भाषा म्हणून जी ओळखली जाते, तिच्यात शब्दाचे पहिले व्यंजन शेवटी न्यावयाचे आणि त्याच्या जागी ‘च’ ठेवावयाचा. ‘काय करतोस’ याचे ‘चायक चरतोसक’ होते. वडील माणसांना ते कळू नये एवढाच तिचा हेतू. ती कळत नाही ती केवळ युक्ती ठाऊक नसल्यामुळे. युक्ती एकदा ठाऊक झाली की सारी भाषा उघडी पडते, आणि मग मुलांना ‘प’ची किंवा ‘फ’ची नवी भाषा काढावी लागते. गुप्तता येथे पद्धतीत आहे. पद्धतीखेरीज दुसरे काही लपविलेले नाही. (मोडी ही गुप्त लिपी होती असा जो समज अधूनमधून ऐकू येतो त्याला आधार नाही. मोडी ही जलद लिहिण्याची लिपी. ती आज वाचता येत नाही हा आपल्या शिक्षणाचा दोष होय.)

याहून फार गंभीर हेतूने आणि फार मोठ्या प्रमाणावर मराठीत संकेतलिपींचा उपयोग महानुभाव पंथाने केला. चौदाव्या शतकात ‘सह्याद्रिवर्णन’कर्ते रवळोबास यांनी सकळ लिपी सिद्ध केली असे पंथीय परंपरा सांगते, पुढे सुंदरी, अंक, शून्य, सुभद्रा, वज्र अशा अनेक लिपी प्रचारात आल्या. पंथाने हे का केले याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. आपले शास्त्र अनधिकाऱ्याच्या हाती पडू नये हे एक कारण सांगितले जाते, विरोधकांपासून संरक्षण हे दुसरे. परिणाम मात्र निर्विवाद आहे. आद्य मराठी गद्याचे जे भांडार आज ‘लीळाचरित्रा’सारख्या ग्रंथांच्या रूपाने आपण अभ्यासतो, ते कित्येक शतके पंथाबाहेरील मराठी वाचकाला अस्तित्वातच नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे आदी संशोधकांच्या प्रयत्नांनी सकळ लिपीचे रहस्य बाहेर आले, आणि त्यानंतर य. खु. देशपांडे, ह. ना. नेने, वि. भि. कोलते यांच्यासारख्या अभ्यासकांच्या हातून या वाङ्मयाचे संपादन व विवेचन होत गेले.

संरक्षणाच्या दृष्टीने या इतिहासात दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. सकळ लिपीचा पाया वर्णांची अदलाबदल हा आहे : एका वर्णाच्या जागी ठरलेला दुसरा वर्ण. अदलाबदलीचे कोष्टक हीच तिची किल्ली. ही किल्ली पिढ्यान्‌पिढ्या, मठोमठी, पोथ्यापोथ्यांतून एकच राहिली. म्हणून ज्या दिवशी ती बाहेर पडली त्या दिवशी त्या लिपीतील एक पोथी नव्हे, तर सर्वच पोथ्या उघडल्या. आजही एकच पासवर्ड टपालाच्या खात्याला, बँकेला आणि प्रबंधाच्या फायलींना लावणारा मनुष्य नेमकी हीच व्यवस्था करीत असतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. किल्ली बाहेर पडली नसती तरी अशी लिपी फोडता आली असती काय? आली असती, आणि ती कशी हे एका लहानशा प्रयोगाने समजून घेता येईल. वर्णमालेतील प्रत्येक व्यंजनाच्या जागी त्याच्या पुढचे व्यंजन लिहावे, स्वर व मात्रा तशाच ठेवाव्या. ‘आई घरी नाही’ हे वाक्य ‘आई ङली पाळी’ असे होईल. ‘नाही’चे ‘पाळी’ व्हावे, म्हणजे चांगला मराठी शब्दच तयार व्हावा, हा योगायोग मौजेचा आहे. परंतु तो वाचकाला फार काळ चकवू शकणार नाही. पानभर मजकूर हाती आला की असे दिसू लागेल की वाक्यामागून वाक्य ‘आळे’ या शब्दाने संपते आहे. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि तेथे सर्वाधिक येणारे रूप ‘आहे’ हे होय. म्हणजे ‘ळ’ हा ‘ह’ असला पाहिजे. ‘ह’ हाती आला की ‘पाळी’मधील दुसरे अक्षर उलगडते, आणि ‘?ाही’ असे रूप मराठीत फार वेळा येत असेल तर ते कोणते हे सांगावयास विद्वान लागत नाही. ‘आति’ हा शब्द वारंवार दोन नामांच्या मध्ये दिसतो. तो ‘आणि’ होय. चार-दोन तासांत सारे कोष्टक हाती येते. वर्णांची वारंवारता मोजून संकेतलिपी फोडण्याची ही रीत नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने लिहून ठेविली आहे.

आता ही अदलाबदल क्रमवार न करता मन मानेल तशी केली, तर किती कोष्टके संभवतात? ‘क’पासून ‘ळ’पर्यंत चौतीस व्यंजने धरली तर त्यांच्या मांडण्यांची संख्या सुमारे २.९५ गुणिले १० चा ३८वा घात इतकी भरते. आज जगभर विश्वासार्ह मानल्या जाणाऱ्या १२८ बिटांच्या किल्लीचे पर्याय सुमारे ३.४ गुणिले १० चा ३८वा घात आहेत. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे! तरीही पहिली लिपी चिकाटीच्या विद्यार्थ्याला एका दुपारी फोडता येते, आणि दुसरी सर्व यंत्रे एकत्र करूनही फोडता येत नाही. तेव्हा किल्ल्यांची संख्या प्रचंड असणे हे आवश्यक असले तरी पुरेसे नाही. वर्णांची अदलाबदल अक्षरांचे मुखवटे बदलते, पण भाषेची चाल बदलत नाही. शब्दक्रम, प्रत्यय, पुनरावृत्ती, कोणत्या वर्णानंतर कोणता येऊ शकतो याचे निर्बंध, हे सर्व जसेच्या तसे राहते; आणि भाषेत अशी अतिरिक्तता विपुल असते म्हणूनच आपण गोंगाटातही एकमेकांचे बोलणे समजू शकतो. क्लॉड शॅननने १९४९ साली गुप्तलेखनावरील आपल्या निबंधात ही गोष्ट गणिती रूपात मांडली आणि १९५१ साली इंग्रजीतील या अतिरिक्ततेचे मापनही केले. मराठीच्या अशा मापनाचा विषय एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने अवश्य घ्यावा.

आधुनिक कूटलेखन काय करते, तर ही चालच नाहीशी करते. आज सर्वाधिक रूढ असलेली पद्धती एईएस या नावाने ओळखली जाते. योआन डेमेन आणि व्हिन्सेंट रेयमेन या दोन बेल्जियन तज्ज्ञांनी ती रचली आणि जाहीर स्पर्धेनंतर अमेरिकेच्या मानक संस्थेने २००१ साली ती प्रमाण म्हणून प्रसिद्ध केली. तिच्यात मजकुराचे सोळा-सोळा बाइटांचे गठ्ठे केले जातात. प्रत्येक गठ्ठ्यावर अदलाबदल, सरकवणे, मिसळणे आणि किल्लीचा अंश मिळविणे या क्रियांची आवर्तने होतात. १२८ बिटांच्या किल्लीला दहा, तर २५६ बिटांच्या किल्लीला चौदा. मूळ मजकुरात एक बिट बदलला तरी त्या गठ्ठ्यातील सुमारे निम्मे बिट बदलतात. येथे अक्षर हे एककच शिल्लक राहत नाही. यूटीएफ-८ या प्रचलित लेखनपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते; ‘पळस्पे’ हा शब्द प, ळ, स, हलन्ताचे चिन्ह, प आणि मात्रा अशा सहा चिन्हांचा, म्हणजे अठरा बाइटांचा झाला. तो एका गठ्ठ्यात मावतही नाही. त्याची शेवटची मात्रा दोन गठ्ठ्यांत विभागली जाते. शिवाय डिस्कवरील फायलींसाठी गठ्ठ्याचे स्थानही हिशेबात घेतले जाते, म्हणून एकच मजकूर दोन ठिकाणी आला तरी त्याची कूटरूपे भिन्न होतात. वाक्याच्या शेवटी येणारा ‘आहे’ शोधणाऱ्याला शोधावयास काही उरतच नाही.

एईएसची ही सारी रचना छापील पुस्तकांत उपलब्ध आहे, ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्यास विचित्र वाटते. ‘च’च्या भाषेच्या नेमके उलट असे हे तत्त्व ज्याने १८८३ साली स्पष्ट शब्दांत मांडले तो ऑग्युस्त केर्कहॉफ्स हा डच गृहस्थ सेनापती नव्हता, गणितीही नव्हता. तो भाषांचा अभ्यासक होता. पॅरिस येथे जर्मन भाषा शिकवीत असे आणि पुढे वोलाप्यूक या कृत्रिम भाषेचा अग्रगण्य प्रचारक म्हणून तो प्रसिद्धीस आला. लष्करी गुप्तलेखनावरील त्याच्या लेखात सहा नियम दिले आहेत. त्यांतील दुसऱ्याचा आशय असा की पद्धती शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये. तिसऱ्याचा आशय असा की किल्ली लिहून न ठेवता स्मरणात राहावी आणि हवी तेव्हा बदलता यावी. दुसरा नियम यंत्रज्ञांनी पुरेपूर पाळला आहे. तिसऱ्याचा भार वापरणाऱ्यावर आहे, आणि संरक्षण कोसळते ते बहुधा येथेच.

प्रत्यक्ष व्यवहार असा असतो. व्हेराक्रिप्ट हे विनामूल्य सॉफ्टवेअर उदाहरणादाखल घेऊ. त्याच्या आधीचे ट्रूक्रिप्ट हे २००४ साली निघाले आणि मे २०१४ मध्ये त्याच्या अनामिक कर्त्यांनी ते बंद केले; त्याच्याच आधारे व्हेराक्रिप्ट २०१३ पासून विकसित होत आले आहे. त्याच्या साहाय्याने डिस्कवर ठरावीक आकाराची एक फाइल निर्माण करावयाची. तिला पेटी म्हणावे. पासवर्ड दिला की ही पेटी यंत्राला एखादा नवा पेन ड्राइव्ह जोडावा तशी दिसू लागते. तिच्यात ठेवलेले सर्व काही डिस्कवर जाताना कूटरूप होते आणि वाचताना यंत्राच्या स्मृतीत उलगडते. पेटी बंद केली की बाहेरून दिसतो तो केवळ अर्थशून्य आकड्यांचा ढीग. विंडोजमधील बिटलॉकर आणि मॅकमधील फाइलव्हॉल्ट यांनी पेटीऐवजी सबंध डिस्कच कूटरूप करता येते. प्रवासात हरवणाऱ्या यंत्रापुरता हा दुसरा मार्ग अधिक निर्धोक आहे, कारण कोणती फाइल पेटीत टाकावयाची राहिली हा प्रश्नच त्यात उद्भवत नाही.

आपण देतो तो पासवर्ड म्हणजे प्रत्यक्ष किल्ली नव्हे, हेही समजून घेणे अवश्य आहे. खरी किल्ली सॉफ्टवेअर स्वतः यदृच्छेने बनविते आणि पेटीच्या मथळ्यात कुलूपबंद ठेविते. पासवर्ड त्या मथळ्याचे कुलूप उघडतो. म्हणून पासवर्ड बदलल्यावर सारी पेटी पुन्हा लिहावी लागत नाही. आणि म्हणूनच मथळ्याचा भाग बिघडला तर अचूक पासवर्ड ठाऊक असूनही पेटी उघडत नाही. मथळ्याची प्रत निराळी काढून ठेवण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते, ती वापरावी. पासवर्डापासून मथळ्याची किल्ली काढताना व्हेराक्रिप्ट रूढ मांडणीत एकच गणिती क्रिया पाच लाख वेळा करते. हेतू हा की अंदाजाने पासवर्ड ताडून पाहणाऱ्याला प्रत्येक अंदाजासाठी तेवढे श्रम पडावेत.

तथापि हे श्रमही वाईट पासवर्डाला वाचवू शकत नाहीत. रोमन लिपीतील आठ लहान अक्षरांचे संभाव्य पासवर्ड सुमारे २०,८८३ कोटी होतात. सेकंदास एक लाख अंदाज ताडणारे यंत्र मानले, तर त्या सर्वांना सुमारे चोवीस दिवस पुरतात. आणि कोणीही खरोखर यदृच्छेने आठ अक्षरे निवडीत नाही. माणूस आपले गाव, मुलीचे नाव, कुलदैवत, जन्मसाल यांकडे वळतो, आणि ताडणारे यंत्रही प्रथम तिकडेच वळते. आवडता अभंग किंवा म्हण निवडणाऱ्याला वाटते की आपण लांबलचक, म्हणून सुरक्षित असा पासवर्ड घेतला. परंतु जे शब्द एकामागून एक येणारच आहेत त्यांची लांबी फसवी असते. ‘आहे’वरून ‘ह’ शोधला गेला तो याच कारणाने.

उपाय जुना व साधा आहे : शब्द स्वतः निवडू नयेत, फाशांना निवडू द्यावे. आर्नल्ड राइनहोल्ड याने १९९५ साली ७,७७६ शब्दांची यादी घेऊन प्रत्येक शब्दासाठी पाच वेळा फासा टाकण्याची रीत प्रचलित केली. अशा सहा शब्दांचे पर्याय, वरच्याच यंत्राच्या गतीने, संपावयास सुमारे सात हजार कोटी वर्षे लागतील. मराठी अभ्यासकाच्या हाताशी याहून मोठी यादी आहे. मोल्सवर्थच्या कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत (१८५७) सुमारे साठ हजार शब्द आहेत. त्यांतून सर्वथा यदृच्छेने काढलेले पाच शब्द वरील सहा शब्दांपेक्षा सरस ठरतात. पान उघडून डोळ्यांना आवडलेला शब्द उचलणे म्हणजे यदृच्छा नव्हे, एवढे मात्र लक्षात ठेवावे. परस्परांशी संबंध नसलेले पाच शब्द पाठ कसे करावेत अशी चिंता करण्याचे कारण नाही. त्यांची एक विक्षिप्त गोष्ट मनाशी रचली की ते आठवडाभरात जिभेवर बसतात. जितकी गोष्ट विक्षिप्त तितके बरे.

येथे मराठी लिहिणाऱ्यापुरती एक खास अडचण आहे, आणि ती इंग्रजी मार्गदर्शिकांत सापडणार नाही. पासवर्ड देवनागरीत द्यावा असा मोह होणे स्वाभाविक आहे. पुष्कळ सॉफ्टवेअर ते स्वीकारतातही. पण यंत्र डोळ्यांनी वाचीत नाही. ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये निदान दोन प्रकारांनी लिहिला जातो : एका प्रकारात नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही रूपे सारखी दिसतात. बाइट मात्र भिन्न असतात, आणि पेटीला बाइटच कळतात. घरच्या यंत्रावर एका कळफलकाने दिलेला पासवर्ड विभागातील यंत्रावर दुसऱ्या कळफलकाने दिला असता पेटी उघडणार नाही, आणि का उघडत नाही हे पाहूनही समजणार नाही. तेव्हा शब्द मराठी घ्यावेत, पण रोमन अक्षरांत लिहावेत. तेथेही ‘पाऊस’मधील दीर्घ आ एका ए-ने लिहावयाचा की दोन, ऊ यू-ने की दोन ओ-नी, हे प्रथमच ठरवून एकच रीत कायम ठेवावी. मराठी माणूस रोमन लिपीत आपले नावदेखील दरवेळी एकाच प्रकारे लिहितो असे नाही.

कूटलेखनाच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. पेटी उघडी असताना यंत्र हाती पडले तर सारेच उघडे असते. झाकण मिटून झोपविलेला लॅपटॉप आणि पूर्ण बंद केलेला लॅपटॉप यांत म्हणूनच मोठा फरक आहे. प्रवासास निघताना यंत्र पूर्ण बंद करावे. वर्डसारखे लेखनाचे सॉफ्टवेअर काम चालू असता तात्पुरत्या प्रती आपल्या सोयीच्या जागी ठेविते, आणि त्या पेटीबाहेर राहू शकतात. फाइल पेटीत हलवून मूळ फाइल पुसली तरी डिस्कवरील तिच्या खुणा लगेच नाहीशा होत नाहीत. ध्वनिमुद्रण यंत्रांपैकी बहुतेकांत कूटलेखनाची सोयच नसते. पहिली आणि सर्वांत उघडी प्रत त्यांच्या चिमुकल्या मेमरी कार्डावर असते, जे खिशातून पडल्याचे कळतही नाही. ज्या दिवशी मुद्रण झाले त्याच रात्री ते कूटरूप डिस्कवर घेऊन कार्ड रिकामे करावे हे इष्ट. फायलींच्या नावांकडेही दुर्लक्ष होते. आतील मजकूर कितीही गुप्त असला, तरी वाडीचे नाव, बोलणाराचे आडनाव आणि ‘जमीन-वाद’ असे शब्द फायलीच्या नावात घालून ती टपालाने पाठविली तर सांगावयाचे ते सांगून झालेच.

नावे गाळून टाकली की झाले, मग एवढ्या खटाटोपाची गरज काय, असा आक्षेप घेतला जातो. लेखी प्रश्नावलीच्या बाबतीत तो काही अंशी मान्य करता येईल. बोलीच्या ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत तो टिकत नाही. आवाज हीच ओळख असते. दोनशे वस्तीच्या वाडीतील माणसाचे दोन वाक्यांचे बोलणे त्याच्या शेजाऱ्याला ऐकवावे. नाव विचारण्याची गरज पडणार नाही. आवाज विकृत करून ओळख पुसावी तर ज्यासाठी मुद्रण केले ते स्वरांचे गुणधर्मच नष्ट होतात. इतर सामाजिक शास्त्रांना निनावीपणाचा आश्रय घेता येतो. भाषाशास्त्राला तो बहुतांशी बंद आहे, म्हणून त्याला कूटलेखनावाचून गत्यंतर नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. त्या कायद्यात संशोधनासाठी काही अटींवर सूट ठेविलेली आहे. परंतु कायद्याने सूट दिली म्हणून सावकाराचे नाव विश्वासाने सांगणाऱ्या बाईला दिलेला शब्द सुटत नाही. उलट बाजूही माहीत असावी : माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या ६९व्या कलमान्वये सक्षम अधिकाऱ्याने विहित रीतीने आदेश दिल्यास कूटरूप मजकूर उलगडून देण्यास साहाय्य करावे लागते, आणि नकार दिल्यास सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. तेव्हा संमतिपत्रावर सही किंवा अंगठा घेताना ‘हे कोणालाही, कधीही कळणार नाही’ असे निरपवाद वचन संशोधकाने देऊ नये. कोणापासून संरक्षण देता येईल आणि कोणापासून नाही, हे बोलणाऱ्याला त्याच्या बोलीत समजावून सांगावे.

राहता राहिला किल्ली हरवण्याचा प्रश्न. परंपरा असे सांगते की म्हाइंभटांनी सिद्ध केलेली लीळाचरित्राची मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत नाहीशी झाली, आणि पंथातील मंडळींनी आपापल्या स्मरणातून तो ग्रंथ पुन्हा उभा केला. त्यातूनच त्याचे भिन्न पाठ निर्माण झाले. पाठांतराच्या परंपरेत असा जीर्णोद्धार शक्य होता. चाळीस तासांचे ध्वनिमुद्रण कोणाच्याही स्मरणात नसते. पासवर्ड विसरला, किंवा संशोधकाचे अकस्मात निधन झाले, तर कूटरूप सामग्री चोराला जितकी अप्राप्य तितकीच विभागालाही अप्राप्य होते. कातकरीसारख्या बोलीच्या वृद्ध भाषकांचे मुद्रण अशा रीतीने गमावणे ही हानी चोरीहून लहान नव्हे; ती माणसे पुन्हा बोलावयास असतीलच असे नाही. म्हणून सामग्रीच्या दोन कूटरूप प्रती दोन निरनिराळ्या इमारतींत असाव्यात, आणि पासवर्ड एका व्यक्तीच्या डोक्यात अडकलेला नसावा.

तो कागदावर लिहून मोहरबंद लिफाफ्यात विभागाच्या तिजोरीत ठेवावा, ही रीत अनेकांना जुनाट वाटेल. पण प्रवासात हरवणाऱ्या लॅपटॉपच्या धोक्याविरुद्ध ती पुरेशी आहे, कारण लॅपटॉप आणि लिफाफा एकाच चोराच्या हाती लागण्याचा संभव अल्प असतो. ज्यांना तिजोरीच्या किल्लीचीही शंका वाटते त्यांच्यासाठी आदी शमीर याने १९७९ साली एक गणिती युक्ती सुचविली आहे. तिच्यात रहस्याचे तीन अंश असे पाडता येतात की कोणतेही दोन एकत्र आले असता ते रहस्य पूर्ण मिळते, आणि एकट्या अंशावरून त्याचा कणही कळत नाही. एक अंश विद्यार्थिनीकडे, एक मार्गदर्शकाकडे, एक विभागप्रमुखांकडे, असे वाटप करता येईल. आणि प्रबंध सादर होऊन विद्यार्थिनी अन्यत्र नोकरीस गेल्यावरही पळस्प्याच्या परिसरातील ती बोलणी, बोलणाऱ्यांनी ज्या अटींवर ती दिली त्याच अटींवर, पुढच्या अभ्यासकाला ऐकता येतील.